आवाज शून्यावर ठेवून पाहिलेला सिनेमा

मार्च संपत आला की आमच्या घरातला पितळी तांब्या, अडकित्ता, खलबत्त्याचा बत्ता आणि माळ्यावरची जुनी समई अशा सगळ्या जड वस्तू हॉलमध्ये येऊन बसतात. नव्या माणसाला वाटेल, यांच्याकडं काही पूजाबिजा आहे. तसं काही नाही. दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासायला आलेल्या असतात, आणि पंख्याखाली त्या उडू नयेत म्हणून ही फौज. पंखा बंद ठेवा म्हणणाऱ्यानं एप्रिलमध्ये सोलापुरात येऊन पंखा बंद ठेवून बसून दाखवावं.

लोकांना उन्हाळा म्हटलं की मोगरा आठवतो, कैरी आठवते, मामाचं गाव आठवतं. मला गठ्ठ्याची सुतळी सोडताना नाकात जाणारी धूळ आठवते आणि बोटाला लागलेली लाल शाई. शुक्रवार पेठेतलं आमचं घर तसं अंधारं. दुपारी एकला खिडक्या लावून घेतल्या, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं, की आत जरा माणसासारखं बसता येतं. कडक भाकरी दह्यात चुरायची, वर शेंगाचटणी, दहा मिनिटांत जेवण उरकायचं आणि परत गठ्ठ्यापुढं मांडी. सव्वीस वर्षं हाच शिरस्ता. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, “एवढं मान मोडून तपासून तुला मिळतं काय गं?”

“शांतता,” मी म्हटलं.

ते हसले, पण मी खरंच सांगत होते. साठ-साठ पोरींच्या वर्गात वर्षभर घसा फोडणाऱ्या बाईला एक महिना तरी घरात टाचणी पडलेली ऐकू यावी असं वाटतं. वर्गात माझं एक वाक्य ठरलेलं आहे. कविता म्हणायला उभी राहिलेली पोरगी तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली की मी डस्टर आपटते आणि म्हणते, “मागच्या बाकापर्यंत! मोठ्यानं!” माझ्या जुन्या विद्यार्थिनी भाजी घेताना भेटल्या तरी हे वाक्य मलाच म्हणून दाखवतात आणि खिदळतात. घरात मात्र माझा कायदा बरोबर उलटा होता. एप्रिलमध्ये आवाज नाही म्हणजे नाही. कुकरची शिट्टीसुद्धा मी येताजाता शिव्या देत ऐकायची.

यंदा गठ्ठ्यांच्या पाठोपाठ तो बकरीवाला सिनेमाही परत आला. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आमच्याकडं सगळे बकरीवालाच म्हणतात. बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा पोरांनी नुसता डोक्यावर घेतला होता. त्या पोरांना आता मिशा फुटल्या, नोकऱ्या लागल्या, म्हणून थिएटरवाल्यांनी तो पुन्हा लावलाय. फोन उघडला की तेच. कुणी लिहितं, ढसाढसा रडलो. कुणी लिहितं, असा सिनेमा पुन्हा होणे नाही. ज्यांना साधं मयताला रडू येत नाही अशी माणसं एका कार्टूनच्या बकरीसाठी रुमाल काढतायत, हे पाहून माझं डोकं फिरतं.

ज्यानं पाहिला नाही असं कुणी उरलं असेल असं वाटत नाही, तरी गोष्ट सांगते. डोंगरातलं एक गाव. गावचा झरा आटतो. दहा-बारा वर्षांची एक पोरगी लंगडी बकरी बरोबर घेऊन झऱ्याचा उगम शोधायला निघते. वाटेत सात पूल. दर दहा मिनिटांनी गाणं. शेवटी वर पोचते, बकरी ढुशी देते, धोंडा सरकतो, पाणी सुटतं आणि गाव नाचायला लागतं. सगळी चित्रं आपल्या जुन्या दिनदर्शिकेसारखी रंगवलेली, हे मात्र मान्य. आणि पोरीची आई. ती गावातच राहते. पोरगी निघते तेव्हा ती दारात उभी असते.

त्या आईवरून माझा त्या सिनेमाशी कायमचा उभा दावा. ही माझी ठरलेली तक्रार स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ आहे. परवाच्या शनिवारी सकाळी आम्ही शाळेत नववीच्या निकालाचे तक्ते भरत होतो, आणि गणिताचे स्वामी सर आपल्या पोरीला घेऊन तो सिनेमा पाहून आल्याचं सांगत होते. स्वामी सर अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि दोन्हीकडं तोच मोकळा गळा. मी पेन खाली ठेवलं आणि सुरू झाले.

“फुगवलेला फुगा आहे हो तो. काही दम नाही. आणि आईला तर पार कैदाशीण करून ठेवलीय. पोरगी बिचारी गावासाठी पाणी आणायला निघालीय आणि ही बया दारात उभी राहून बोट नाचवून तिच्यावर ओरडतीय. सिनेमावाल्यांना आई म्हटली की एक तर मारायची, नाहीतर ओरडायला लावायची.”

स्वामी सर माझ्याकडं बघतच राहिले. “ओरडती? कुठं ओरडती मॅडम ती?”

“दारात. पोरगी निघते तेव्हा. हे एवढं तोंड उघडून.”

“अहो, ती गाती की तिथं! तेच तर सगळ्यात भारी गाणं हाय त्यातलं. माझी पोरगी त्याच गाण्याला रडली.” मग त्यांनी सहज विचारलं, चिमटा काढायला म्हणून नव्हे, “तुमाला कुठली कुठली गाणी आवडली न्हाईत?”

“ते बकरीचं. डोकं उठवतं.”

“ते सोडा. ते दरवर्षी गॅदरिंगला वाजतंय. दुसरं?”

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. एक ओळ नाही, एक चाल नाही. मी डोळ्यांपुढं पूल आणले, डोंगर आणला, पोरीचा लाल फेटा आणला. सगळं स्वच्छ दिसत होतं आणि सगळं मुकं होतं. गॅदरिंगला लाउडस्पीकरवर आदळणारं ते एक बकरीचं गाणं सोडलं तर ज्या सिनेमाला मी बारा वर्षं नावं ठेवत आले, तो मी कधी ऐकलाच नव्हता. आणि तो गाण्यांचा सिनेमा होता. मी मान खाली घातली आणि तक्ता भरायला लागले. कुणाची तरी टक्केवारी दोनदा चुकवली.

रिक्षात बसल्यावर तो एप्रिल एकेक करून आठवायला लागला.

अनू, म्हणजे माझी मुलगी अनघा, तेव्हा चौथीत होती. ह्यांनी ऑफिसातल्या कुणाकडून तरी पेनड्राइव्हमधून तो सिनेमा आणला होता आणि नेमके त्याच दिवशी माझे गठ्ठे आले होते. अनू नाचत होती. मी हॉलमधनंच निकाल दिला, “बघ. पण आवाज बंद.” तिनं वाद घातला नाही. तिला एप्रिल माहीत होता. स्वतःच रिमोट घेऊन तिनं आवाज शून्यावर आणला, टीव्हीसमोर पाट टाकला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली. त्या महिन्यात तिनं तो सिनेमा चौदा-पंधरा वेळा तरी असाच पाहिला. मी पेपर तपासता तपासता मान मोडली की वर बघायची, तेव्हा समोर काहीतरी हलत असायचं. कधी पूल, कधी बकरी. पोरगी निघायची आणि आई दारात यायची, हात उंच, बोट रोखलेलं, तोंड हे एवढं उघडं. आपण अशा उभ्या राहिलो की काय करत असतो, ते मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी ठरवून टाकलं की ती ओरडतेय. आणि खाली मान घालून पुढचा पेपर ओढला.

रिक्षात अजून एक आठवलं. अनूचे ओठ हलायचे. मला वाटायचं, काहीतरी चघळतेय. एकदा मी चष्म्यावरून बघत विचारलं, “तोंडात काय आहे?”

“काही नाही.”

“आ कर.”

तिनं आ केला. जीभही वर करून दाखवली. तोंडात खरंच काही नव्हतं. मी म्हटलं, “बरं,” आणि पुढचा पेपर घेतला.

आमच्या भिंतीला भिंत लागून लक्ष्मीअक्कांचं घर आहे. तेलुगू माणसं, टॉवेलचे माग. तेव्हा त्यांच्याकडं चार माग होते आणि सकाळपासून खडखड चालायची. गंमत बघा, त्या खडखडाटाचा मला कधी त्रास झाला नाही. तो भिंतीपलीकडचा आवाज होता, कामाचा होता. त्रास फक्त आपल्या घरातल्या आवाजाचा. अनू संध्याकाळी अक्कांच्या पद्माकडं खेळायला जायची आणि पद्माकडंही तोच सिनेमा होता. मागांच्या वर ऐकू यावा म्हणून त्यांचा टीव्ही पूर्ण मोठा असायचा. तिथंच तिनं गाणी उचलली असणार. एकदा लक्ष्मीअक्का कैऱ्या द्यायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, “टीचर, तुमची अनू लई गोड गाती की! माग बंद करून ऐकलो आमी.”

चालता माग बंद करणं म्हणजे काय, हे मला पेठेत राहून माहीत होतं. ते लोक जेवायलासुद्धा आळीपाळीनं उठतात, माग थांबू देत नाहीत. पण माझ्या मांडीवर अठ्ठेचाळिसावा पेपर होता. मी म्हटलं, “तिचं सुट्टीतलं शुद्धलेखन राहिलंय अक्का. पाठवून द्या घरी.”

अक्का कैऱ्या ठेवून गेल्या. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

अनू पुढं गायला लागली, म्हणजे कॉलेजात. मला ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं, तेही सहज बोलण्यातून. कुठल्याशा स्पर्धेत पहिली आली होती. मी जरा दुखावूनच विचारलं, “मग घरी का नाही गं म्हणत कधी?” ती म्हणाली, “अगं, घरी सवय नाही.” इतकं साधेपणानं म्हणाली की मी पुढं काही विचारलं नाही. आता ती पुण्याला नोकरी करते. दोन दिवसांआड फोन असतो, पाणी आलं का, पाय दुखतो का, जेवलीस का. भांडण नाही, तंटा नाही. फक्त माझ्या मुलीचा गाण्याचा आवाज कसा आहे, ते मला माहीत नाही. लक्ष्मीअक्कांना माहीत आहे.

घरी आले, पदरानं तोंड पुसलं आणि गठ्ठ्यापुढं बसले. हातात पेपर घेतला तरी लक्ष लागेना. आमच्या कामात एक खोड आहे. नमुना उत्तर डोक्यात ठेवून तपासायला बसायचं असतं. पहिले पाच-सहा पेपर आपण नीट वाचतो, मग डोळा सरावतो, आणि चाळिसाव्या पेपरनंतर वाचत नाहीच. नमुन्याशी जुळतंय का तेवढं बघतो. जुळलं की बरोबर, नाही जुळलं की लाल रेघ. कधी एखाद्या पोरीनं नमुन्याहून चांगलं लिहिलेलं असतं आणि ते आपल्या रेघेखाली जातं. तिला पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. अर्ज आला की दुसरं कुणीतरी तोच पेपर ताज्या डोळ्यांनी बघतं. सिनेमाकडून मला कोण अर्ज करणार होतं? मीच केला. पेपरांवर बत्ता ठेवला, टीव्हीवर तो सिनेमा शोधून लावला, आणि शून्यापासून आवाज वाढवत वीसवर नेला. भर दुपारी, एप्रिलमध्ये, माझ्या घरात. ह्यांनी आतून विचारलं, “तब्येत बरी आहे ना?”

आता खरं सांगते. तो सिनेमा एवढा काही थोर नाही. लोक म्हणतात तसा तर नाहीच. बकरी तीनदा नाचते, ती एकदाच नाचायला हवी होती. मधले तीन पूल नुसते वेळ काढायला घातलेत. हिंदीत उतरवलेल्या गाण्यांत यमकं अशी ओढून आणलीत की माझ्या सातवीतल्या पोरी बऱ्या. आणि शेवट तर मला तेव्हाही पटला नव्हता आणि आताही पटला नाही. पाणी सुटलं, सगळे नाचले, संपलं. पण धोंडा तिथं आला कसा, कुणी टाकला, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. ते गाणं म्हणून येत नसतं, त्यासाठी पहाटे उठून पिंपं मांडावी लागतात. डोंगराच्या टोकावर पोरगी हात पसरून गाते, त्या दृश्याचं जगभर कौतुक आहे. मला तिथं जांभई आली.

पण दारातलं गाणं.

त्या बाईचा आवाज गोड नाही. जाड आहे, घरकाम करता करता हाक मारावी तसा. सुरुवात तर गाणं वाटतच नाही, बोलणं वाटतं. ती पोरीला वाट सांगतेय. पहिल्या पुलावर खाली बघू नको. दुसऱ्यावर म्हातारा भेटेल, त्याला मीठ दे. तिसऱ्याला कठडा नाही, बकरीचा कान धर. पोरगी चालू लागलेली असते, लांब जात असते, म्हणून आईचा आवाज चढत जातो. बोट वर जातं ते वाट दाखवायला. तोंड एवढं उघडतं कारण पोरगी वळणापाशी पोचली आणि अजून चार पूल सांगायचे राहिलेत. ती बाई शेवटच्या बाकापर्यंत पोचवत होती. मी रोज वर्गात तेच करते आणि मला ते ओळखता आलं नव्हतं.

आणि त्यापुढचा सगळा सिनेमा त्या एका गाण्यावर चालतो. पोरगी प्रत्येक पुलावर थांबते, तेव्हा मागं अगदी हळू आईची ती ओळ वाजते आणि पोरीला वाट कळते. मुक्या सिनेमात मला वाटायचं, ही पोरगी भलतीच हुशार, हिला सगळं कसं आपोआप सुचतं. तिला सुचत नव्हतं, तिला ऐकू येत होतं. लोक रडतात ते बकरीसाठी आणि डोंगराच्या टोकासाठी. कौतुक करायचंच असेल तर या दारातल्या चार मिनिटांचं करावं, बाकीचा सिनेमा फुकटात पाहिला असं समजावं. माझं तरी हेच मत झालं. मी डोळे पुसले आणि तेवढ्यात अनूची एक जुनी वही आठवून मी ताडकन उठले.

मी कागद टाकत नाही. अनूच्या बालवाडीपासूनच्या वह्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. चौथीच्या सुट्टीतली वही लगेच सापडली, कारण तिला मीच खाकी कव्हर घातलं होतं. त्या सुट्टीत मी तिला रोज एक पान लिहायला लावायची. तेवढाच ती अर्धा तास गप्प बसायची. गठ्ठ्यांच्या मधेच मी तिचं पानही तपासायची, त्याच पेनानं, त्याच झपाट्यात. ‘माझा आवडता चित्रपट’ असं वर ठळक लिहिलं होतं आणि खाली तिचं गोल गोल अक्षर.

“माझा आवडता चित्रपट बकरीचा आहे. त्यात खूप गाणी आहेत. मला आईचे गाणे सर्वांत आवडते. आई मुलीला वाटेत काय काय येईल ते सर्व गाऊन सांगते. म्हणून मुलगी चुकत नाही. आमच्या घरी पेपर असतात म्हणून मी ते गाणे आवाज न करता म्हणते. आवाज न करता म्हटले तरी सगळे सूर येतात.”

‘आईचे गाणे’ या शब्दांखाली दोन लाल रेघा होत्या. समासात माझं अक्षर. “चूक. चित्रपटात आई गात नाही, रागावते. नीट पाहून लिहावे. दहापैकी चार.”

ज्या वाक्यांना मी आज दहावीच्या पेपरात दहापैकी दहा देऊन स्टाफरूममधल्या शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं असतं, त्यांच्यावर मी रेघ ओढली होती. पण खरं पुढंच होतं. आमच्या शाळेत चुकलेलं वाक्य बरोबर करून पाच वेळा लिहायची पद्धत आहे. दुरुस्ती म्हणतात तिला. माझ्या आईच्या शाळेत होती, माझ्या शाळेत आहे, आणि माझ्या घरातही होती. मी पान उलटलं.

‘दुरुस्ती’, असं मधोमध लिहून खाली पाच ओळी. “चित्रपटात आई गात नाही, ती रागावते.” पाचही ओळी सरळ, एकसारख्या, कुठं खाडाखोड नाही. खाली माझी बरोबरची खूण आणि शेरा, “छान अक्षर.”

तिला ते गाणं पाठ होतं. तिला ठाऊक होतं की आई गाते. भिंतीपलीकडं तिनं ते म्हटलं होतं आणि ऐकायला चार माग बंद झाले होते. आणि नऊ वर्षांच्या त्या पोरीनं माझ्या लाल शाईखाली बसून, आई गात नाही, असं पाच वेळा सुंदर अक्षरात लिहून दिलं. एकदाही म्हणाली नाही, आई, आवाज लावून बघ. का म्हणेल? माझे पेपर चालू होते ना.

मला रडू आलं. लाज वाटली, आणि असा राग आला स्वतःचा की ती वही मांडीवर घेऊन मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. ह्यांनी चहा आणून ठेवला आणि परत गेले. सव्वीस वर्षांत मी किती हजार पेपर तपासले असतील. त्यांतल्या कुणाचं मी काय केलं, ते आता कळायचं नाही. पण हा एक पेपर माझ्या हातात होता.

लाल पेन बाजूला ठेवलं आणि निळं शोधलं. अनूच्या पाच ओळींखाली पान अर्धं कोरं होतं. मधोमध ‘दुरुस्ती’ लिहिलं आणि खाली पाच वेळा लिहिलं, “चित्रपटात आई गाते. मी ऐकलं नव्हतं.” तिसऱ्या ओळीला अक्षर बिघडलं, पण खाडाखोड केली नाही. फोटो काढून अनूला पाठवला. शनिवार होता, तिला सुट्टी होती. फोटो तिनं पाहिला, एवढं कळलं. मग दहा मिनिटं काहीच नाही. मी उगीच पेपर सारखे करत बसले. मग फोन वाजला.

“आई?”

“हं.”

“ती वही आहे अजून?”

“मी कुठं काय टाकते.”

मग म्हणाली, “तू सिनेमा बघितलास?”

“बघितला.”

“आवाज लावून?”

“वीसवर.”

ती हसली. रडता रडता हसली असणार, कारण नाक ओढल्याचा आवाज आला. “किती मार्क दिलेस?”

“सिनेमाला सहा. बकरीचे कापले.”

“कंजूष आहेस!”

“ती तीनदा का नाचते मग? अनू,” मी म्हटलं, “बाळा, माझं चुकलं गं. तू बरोबर लिहिलं होतंस.”

“माहितीये मला,” ती हळूच म्हणाली. “तेव्हाही माहीत होतं.”

“मग म्हणून दाखव.”

“काय?”

“आईचं गाणं. मी सोडून सगळ्या पेठेनं ऐकलंय.”

“आत्ता? अगं, तुझे पेपर असतील ना? गठ्ठे संपले का?”

“तीन राहिलेत. राहू देत.”

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. घसा साफ केल्याचा आवाज आला. मी उठून पंखा बंद केला, फोन कानाला घट्ट दाबून धरला. भिंतीपलीकडं लक्ष्मीअक्कांचे उरलेले दोन माग खडखडत होते. तिनं सुरू केलं. पण कसं, अगदी दबक्या आवाजात, पलीकडच्या खोलीत कुणाला कळू नये असं. ओठ हलत असतील एवढंच मला समजत होतं. आतापर्यंत पहिला पूल गेला असेल, दुसरा गेला असेल, पण एक अक्षर कळेना.

“ऐकू येत नाही,” मी म्हटलं. “मागच्या बाकापर्यंत, अनू. मोठ्यानं.”